झाडावर राहतो, मातीवर जगतो: श्रीलंकेतल्या गाठनाक्या सरड्याच्या मागावर

शनिवार, कँडी

मुंबईहून रात्री निघून उजाडताना कटुनायके विमानतळावर उतरलो आणि थेट कँडीची वाट धरली. सोबत धाकटी बहीण. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, मी सरडे बघत सह्याद्री हिंडतो. त्यामुळे प्रवासात तिचं लक्ष झाडांकडे आणि माझं त्या झाडांच्या खोडांकडे, अशी वाटणी आपोआप होते.

आम्ही आलो होतो तो लायरिओसेफॅलस स्क्युटॅटस बघायला. प्रौढ सरड्याच्या नाकाच्या टोकावर एक गोल, मांसल गाठ असते. मी त्याला गाठनाक्या म्हणतो आणि या लेखात तेच नाव वापरणार आहे. शेपटीसकट चौतीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा श्रीलंकेतला सर्वांत मोठा ॲगॅमिड सरडा. ॲगॅमिड म्हणजे आपल्या कुंपणावरच्या सरड्याचं कूळ. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे १८२० मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मेरेमने त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली आणि आजही त्या प्रजातीत ही एकच जाती आहे. जगात तो फक्त श्रीलंकेत सापडतो, तोही बेटाच्या नैर्ऋत्येकडच्या पावसाळी पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या मध्यम उंचीच्या डोंगरांत.

आपण सह्याद्रीतली माणसं सरडा म्हटलं की ऊन डोळ्यांपुढे आणतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर भर उन्हात दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारा नर मी तासन्‌तास बघितला आहे. २०१६ साली त्याचं स्वतंत्र जाती म्हणून वर्णन झालं. गाठनाक्याचं सगळंच उलट. त्याला सावली हवी, ओल हवी आणि उन्हात शेकत बसलेला तो सहसा दिसत नाही. मला तेच बघायचं होतं: ऊन टाळून सरडा जगतो कसा?

रविवार, उडवत्तकॅले

दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर, त्याच्या मागच्या टेकडीवर उडवत्तकॅलेचं राखीव जंगल आहे. एकेकाळी राजघराण्याचं असलेलं हे जंगल आज शंभरेक हेक्टरचं, आणि त्याला चारही बाजूंनी शहराने वेढलं आहे. आत शिरलं की रिक्षांचे आवाज दहा मिनिटांत मागे पडतात.

सकाळभर फिरलो. पालापाचोळ्यातून काहीतरी सर्रकन उठलं आणि मागच्या दोन पायांवर पळत सुटलं. तो ऑटोक्रिप्टिस विगमनाय, इथला कांगारू सरडा. मागचे पाय भलते लांब, अंग काटकुळं, आणि थांबला की पानांत असा मिसळतो की नजर त्याच्यावरून दोनदा घसरते. पूर्वी याच प्रजातीत धरलेला, आता वेगळ्या प्रजातीत गेलेला त्याचा भाऊबंद पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला आहे. श्रीलंका आणि पश्चिम घाट यांना जैवविविधतेच्या दृष्टीने एकत्र मोजतात ते अशाच नात्यांमुळे.

गाठनाक्या दिसला नाही. पण बहिणीने एक गोष्ट दाखवली. पायवाटेच्या कडेला, जिथे छत दाट होतं तिथे, तिने काडीने पाचोळा बाजूला सारला. खाली काळी, भुसभुशीत माती आणि तिच्यात गांडुळं. चार पावलांवर, जिथे झाड पडून आभाळ उघडं झालं होतं, तिथे माती फिकट आणि टणक. "दादा, तू खोडं बघत चाललायस, पण तुझा सरडा जेवतो ते इथे," ती म्हणाली. बरोबरच होतं. गाठनाक्याच्या आहारात किडे असतात, कोवळे कोंबही तो खातो, पण त्याचं मुख्य अन्न गांडुळं. झाडावर राहणारा सरडा गांडुळांवर जगतो, म्हणजे दर जेवणाला त्याला खोडावरून खाली उतरावं लागतं.

सोमवार, पेरादेनियाच्या पलीकडे

पेरादेनियाची वनस्पतिबाग १८२१ पासूनची. बहिणीला तिथून बाहेर काढायला दुपार उलटली. त्याबद्दल तीच कधीतरी लिहील.

माझ्यासाठी दिवसाचा खरा भाग संध्याकाळी होता. महावेली नदीच्या पलीकडे गन्नोरुवाच्या टेकडीखाली एका घराच्या परसात आम्हाला जायला मिळालं. कँडीच्या भोवतालचे हे परस कोकणातल्या आगरासारखे असतात: वर नारळ, फणस आणि कितुल माड, मधल्या थरात लवंग, जायफळ, सुपारीवर चढवलेली मिरी आणि खाली केळी, अळू, आलं. छत इतकं घट्ट की भर दुपारीही जमिनीवर ऊन ठिपक्यांनीच पडतं. घरच्या आजींनी सांगितलं की नाकावर गाठ असलेला 'कटुस्सा' जायफळाच्या झाडावर येतो, पाऊस पडून गेला की हमखास. गेल्या वर्षी एक मादी अळूच्या वाफ्याजवळ पुढच्या पायांनी माती उकरताना त्यांनी बघितली होती. खड्ड्यात अंडी घालून तिने माती परत सारखी केली आणि निघून गेली.

ही नोंद मला मोलाची वाटते. गाठनाक्या घनदाट जंगलाचा प्राणी आहे खरा, पण माणसाने सावली आणि पाचोळा राखला तर तो परसातही राहतो. त्याला झाड हवं, पण त्या झाडाखालची माती त्याहून जास्त हवी: खायलाही तीच आणि अंड्यांनाही तीच. अंगण झाडून लख्ख केलं, सिमेंट घातलं, वाफ्यांवर औषध मारलं, की वरचं झाड तसंच उभं राहूनही सरडा नाहीसा होतो. दुसरा शत्रू मांजर. जमिनीवर सावकाश उतरणाऱ्या प्राण्याला मांजरापुढे काही करता येत नाही. आजींच्या शेजाऱ्यांकडे मांजरं होती आणि त्या बाजूच्या झाडांवर सरडे नव्हते.

मंगळवार, रेल्वे

कँडीहून नानू ओयाला. चहाचे मळे, धुकं, गर्दी. या गाडीवर इतकं लिहिलं गेलंय की मी थांबतो.

बुधवार, हॉर्टन प्लेन्स

पहाटे नुवारा एलियाहून निघून पट्टीपोलामार्गे वर चढलो. पठार २१०० मीटरच्या वर आहे. दवाने गवत पांढरं झालं होतं आणि बोटं आखडत होती. फाटकावर पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतात. ही शिस्त आपल्याकडच्या गडांवर यायला हवी असं मनापासून वाटलं.

इथे गाठनाक्या नसतो, एवढ्या थंडीत तो राहत नाही. पण त्याचे सर्वांत जवळचे नातलग इथे आहेत आणि त्यांना बघितल्याशिवाय गाठनाक्या समजत नाही असं माझं मत. गाठनाक्या, शिंगवाले सेरॅटोफोरा आणि बुटका कोफोटिस या तिन्ही प्रजाती एकमेकींच्या नात्यातल्या. तिघांमध्येही कानाचं छिद्र बाहेर दिसत नाही, कानाचा पडदा कातडीखाली झाकलेला असतो. कोफोटिस आणि सेरॅटोफोराही फक्त श्रीलंकेतच आहेत. वीसहून जास्त ॲगॅमिड जातींच्या या बेटावर बहुतेक जाती अशाच, दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या.

ऊन वर आल्यावर शेवाळाने मढलेल्या एका वाकड्या खोडावर सेरॅटोफोरा स्टोडार्टाय दिसला. नर होता. नाकाच्या टोकावर पांढुरकं, टोकदार शिंग. हे शिंग म्हणजे नाकाच्या टोकाचा एकच खवला लांब वाढलेला. मादीत ते आखूड असतं किंवा जवळजवळ नसतंच. आम्ही सरकलो तसा तो खोडाच्या दुसऱ्या बाजूला सरकला. पळाला नाही, फक्त खोड मध्ये ठेवलं. आम्ही परत फिरलो, तो परत सरकला. हा डाव तो चेहऱ्यावरची रेषही न हलवता खेळतो.

नकल्स डोंगररांगेतल्या सेरॅटोफोरा टेनेंटायचं नाकावरचं उपांग पानासारखं चपटं आणि मांसल, अनेक खवल्यांनी झाकलेलं असतं. स्टोडार्टायच्या शिंगाशी त्याची रचना जुळत नाही. गाठनाक्याच्या नाकावर तर सरळ गोळाच. एकाच घराण्यात नाकावर काहीतरी मिरवायची ही ओढ आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, हे मला अतिशय विलक्षण वाटतं. सिंहराजा वर्षावनाच्या पूर्वेकडच्या मॉर्निंगसाइड भागातल्या सेरॅटोफोराच्या दोन जाती, कारू आणि एर्डेलेनी, संशोधक रोहन पेथियागोडा आणि केलुम मानमेंद्र-आरच्ची यांनी १९९८ मध्ये वर्णन केल्या. त्यांच्यात हे उपांग अगदीच नाममात्र असतं. म्हणजे शिंगवाल्यांच्या घरात बिनशिंगी म्हणावेत असेही आहेत.

परतताना झुडपाच्या काटकीवर कोफोटिस सेलॅनिका सापडला. बोटभर अंग, शेपटीने काटकीला विळखा. हा सरडा अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. कारण पायाखालीच होतं. मी हात टेकला तर माती बर्फासारखी गार. अशा मातीत अंडं सोडून देण्यापेक्षा पोटात ठेवून आईनेच ऊन खाल्लेलं बरं. स्टोडार्टाय मात्र याच थंड प्रदेशात अंडीच घालतो. एका डोंगरावर, एकाच कुळात, दोन उत्तरं. बहीण तिकडे रोडोडेंड्रॉनच्या लाल फुलांखाली उभी होती, तिला हाक मारून मी हे सगळं सांगितलं आणि तिने शांतपणे ऐकून घेतलं.

गुरुवार, कुडावा

दिवसभर गाडीत. डोंगर उतरून रत्नपुरा, मग कलवाना, वेड्डागला आणि शेवटी सिंहराजाच्या वेशीवरचं कुडावा. कलवानाच्या पुढे पाऊस सुरू झाला आणि रात्रभर पडत राहिला. मला त्याचा आनंदच झाला. पावसाने माती भिजते, गांडुळं वर येतात आणि सरडे खाली उतरतात.

शुक्रवार, सिंहराजा

सिंहराजामध्ये वनखात्याचा वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय जाता येत नाही. आमचे वाटाडे कुडाव्याचेच, पन्नाशीचे. त्यांना सगळे 'अय्या' म्हणतात, म्हणजे दादा. आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी पायांना जळवांचे मोजे चढवायला लावले, वरून सिद्धालेप बाम चोळायला दिला. तरीही जळवा लागल्याच.

आतली मुख्य वाट चांगली रुंद आहे आणि त्यामागे एक इतिहास आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथे प्लायवूडसाठी यंत्रांनी झाडं तोडायला सुरुवात झाली. ही वाट त्या लाकूडवाहू गाड्यांची. लोकांनी विरोध केला आणि १९७७ च्या सुमारास तोड थांबली. १९७८ मध्ये युनेस्कोने जंगलाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि १९८८ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झालं. क्षेत्र सुमारे ८,८६४ हेक्टर. आज वाटेच्या दोन्ही बाजूंना पुन्हा जंगल उभं आहे, पण बहिणीला फरक लगेच कळत होता: तोड झालेल्या पट्ट्यात खोडं बारीक आणि जवळजवळ, आतल्या जुन्या भागात होरा, दुन आणि ना यांची उंचच उंच झाडं. जंगलाच्या कडेला कॅरिबियन पाइनची लागवड आहे. तिथे जमिनीवर सुयांचा कोरडा थर, त्याखाली हालचाल नाही. पेरादेनिया विद्यापीठातल्या निमल आणि सावित्री गुणतिलके यांनी या जंगलावर अनेक दशकं काम केलं. पाइनच्या सावलीत मूळची वर्षावनाची झाडं लावून जंगल परत आणण्याचे प्रयोगही इथे झाले आहेत. त्याबद्दल बोलताना तिचा आवाज चढला होता.

रात्रीच्या पावसाने पानांवरून अजून थेंब गळत होते. एका वळणावर अय्या थांबले आणि हनुवटीनेच दिशा दाखवली. मला आधी फक्त शेवाळलेलं खोड दिसलं. मग त्या खोडाला एक डोळा दिसला.

नर. जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, डोकं वर करून खोडाला चिकटलेला. रंग हिरवा, कडेने निळसर झाक, गळ्याखाली पिवळी पिशवी. डोळ्यांवर उंच कमानी कडा, मानेवर आणि पाठीवर तुरा. अंग दोन्ही बाजूंनी चपटं आणि त्यावर बारीक खवल्यांमध्ये मोठे, गोल खवले विखुरलेले. आणि नाकावर ती गाठ, चित्रात असते त्याहून मोठी, गुळगुळीत. पिल्लांना ही गाठ नसते, वयाबरोबर येते आणि नरात जास्त ठसठशीत होते.

आम्ही वाटेवरच बसलो. बराच वेळ काहीच घडलं नाही, आणि हे काहीच न घडणं हाच त्याचा जगण्याचा मार्ग. कांगारू सरडा वेगावर जगतो, हा स्थिरतेवर. त्याची शिकार म्हणजे वाट बघणं: खाली जमिनीवर काय हलतंय ते एका जागेवरून बघत राहायचं. त्याचं संरक्षण म्हणजेही न हलणंच. सावलीतली हवा दिवसभर जवळजवळ सारख्या तापमानाची असते. त्यामुळे ऊन शोधत धावायची गरज नाही आणि धावायला लागणारी शक्तीही वाचते. चाळकेवाडीचा सरडा आणि हा यांच्यातला फरक मला तिथे चिखलात बसून नीट उमगला. तिकडे उन्हावर सगळा दिवस बेतलेला, इकडे ओलीवर.

मग तो हलला. डोकं खाली करून दमादमाने उतरला, पाचोळ्यात दोन पावलं गेला, थांबला, आणि झटक्यात तोंड पानांत घातलं. बाहेर आलं तेव्हा दातांत लांबलचक गांडूळ. ते त्याने घोट घोट गिळलं, दोन्ही बाजूंची माती ओठांवर तशीच, आणि पुन्हा त्याच खोडावर त्याच उंचीला जाऊन बसला. बहिणीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

तासाभराने वाटेच्या पलीकडच्या खोडावर अय्यांना मादी दिसली. तपकिरी-हिरवट, गाठ लहान. तिच्याकडे तोंड करून नराने गळ्याची पिशवी खाली ताणली आणि डोकं दोन-तीनदा वरखाली केलं. ती तशीच बसून राहिली, आणि आम्हीही. शेवटी मागून एक मोठा गट आला तेव्हा आम्ही उठलो.

त्या गटातल्या एकाने अय्यांना विचारलं, सरडा हातात घेऊन दाखवता का? अय्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. गाठनाक्याला छेडलं की तो तोंड पूर्ण उघडून आतला लालभडक रंग दाखवतो, आणि पकडून खाली ठेवला तर मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो. इंटरनेटवर असे फोटो खूप दिसतात. ज्या फोटोत सरडा लाल तोंड वासून आहे किंवा उताणा पडलाय, त्या फोटोआधी त्याला कोणीतरी घाबरवलेलं असतं.

पुन्हा शनिवार, कुडावा

सकाळी परत जंगलात. आज शोध सेरॅटोफोरा अस्पेराचा, शिंगवाल्यांमधल्या एका लहान जातीचा. तो पाचोळ्यातच राहतो, रंगही वाळक्या पानाचा, आणि मादी एका वेळी दोनच अंडी घालते. अय्यांना तो एका ओढ्याच्या काठी सापडला. नाकावर खरखरीत, शंकूसारखं शिंग. तो झाडावर थोडासाच चढतो, म्हणजे मातीशी त्याचं नातं गाठनाक्याहूनही जवळचं.

दुपारी पाऊस. पडवीत बसून अय्यांशी चोरट्या व्यापाराबद्दल बोलणं झालं. श्रीलंकेच्या कायद्याने हे सरडे पकडणं आणि देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, तरी परदेशातल्या हौशी पाळणाऱ्यांपर्यंत ते पोचत राहिले. साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या करारातल्या देशांची अठरावी परिषद २०१९ मध्ये कोलंबोत भरायची होती. ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनंतर ती ऑगस्टमध्ये जिनिव्हाला हलवली गेली. तिथे श्रीलंकेच्या प्रस्तावांवरून गाठनाक्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यावरच होणाऱ्या व्यापारात आला आणि सेरॅटोफोराच्या काही जाती व कोफोटिसच्या दोन्ही जाती पहिल्या परिशिष्टात, म्हणजे जवळजवळ पूर्ण व्यापारबंदीत. अय्यांच्या मते कागद झाला हे चांगलं झालं, पण गावातली पोरं जेव्हा सरड्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून वाटाड्याची मजुरी मिळवतात तेव्हा राखण आपोआप होते.

संध्याकाळी गावातल्या ओढ्याकाठी बॅटरी घेऊन फिरलो. एका बारीक खोडाला चारही पायांनी धरून, डोकं वर करून गाठनाक्याचं पिल्लू झोपलं होतं. नाक सपाट, रंग तपकिरी. उजेड बाजूला ठेवून एकच नजर टाकली आणि पुढे गेलो.

रविवार, परतीची वाट

कुडावा ते कटुनायके अख्खा दिवस जातो, विमान रात्रीचं असेल तरच हा बेत करा.

जाणार असाल तर थोडं सांगतो. कुडाव्याला निदान दोन मुक्काम हवेत, कारण एक दिवस पावसात किंवा गर्दीत जातो. जानेवारी ते मार्च वाटा बऱ्या असतात, पण संध्याकाळी सर आली तर कुरकुर करू नका, दुसऱ्या दिवशीची सकाळ तिच्यामुळेच चांगली जाते. वाटाड्याला पहिल्याच भेटीत सांगा की पक्ष्यांची यादी नको, एकाच सरड्यापाशी दोन तास बसायची तयारी आहे. ते वाटही मग वेगळी निवडतात. फ्लॅश वापरू नका, हात लावू नका. नजर माणसाच्या उंचीएवढ्या खोडांवर ठेवा, त्याहून वर शोधत मान मोडून घेऊ नका. आणि कँडीला उतरलात तर हॉटेलाऐवजी जुन्या परसाचं घर शोधा, जिथे जायफळाखालचा पाचोळा झाडलेला नाही आणि घरात मांजर नाही.